घोट्याखालची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे हं! त्या नुसत्या मिरवायच्या. मी आजाऱ्यांच्या पाठीला, पायांना टेकू द्यायची. रुग्णालयाच्या शिवणखोलीत माझ्या पोटात गच्च कापूस भरला, वरून हिरवं रेक्झिन चढवलं आणि मला पुरुषांच्या वॉर्डात धाडलं.

काय दिवस होते ते! आयामावशी दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलायच्या. मला कधी पाठीशी लावायच्या, कधी पोटरीखाली सारायच्या, म्हणजे टाच गादीला घासायची नाही. "ही उशी म्हणजे माझा तिसरा हात आहे," असं त्या म्हणायच्या. मी फुगून जायची. आधीच पोटात कापूस काय कमी होता!

मग सात नंबरच्या खाटेवर सलूनवाले काका आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसभर उभं राहून केस कापायचे, हीच त्यांची रोजीरोटी. पहिल्या दिवशी ते कण्हू लागले आणि सोबतीला राहिलेल्या काकूंना ते बघवेना. त्यांनी मला हळूच काकांच्या गुडघ्याखाली सरकवलं. पाय जरा वाकला, कळ थांबली, काका चक्क घोरू लागले. मला धन्य वाटलं. सिस्टरनी तिथं उशी ठेवायला मनाई केली होती, म्हणून त्या येताना दिसल्या की काकू मला पटकन काढून घ्यायच्या. सिस्टरची पाठ वळली की मी पुन्हा तिथंच. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. "काका, पाय सरळ करा बरं."

पाय सरळ होईना.

"एवढी वर्षं लोकांच्या माना सरळ धरल्या," काका कसंबसं हसले, "आता माझाच पाय ऐकेना!"

बाईंनी काकूंकडे पाहिलं. "गुडघ्याखाली उशी ठेवत होता ना? बरं वाटतं हो, पण पाय तसाच वाकडा आखडतो. मग हे उभे कसे राहणार?"

काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं. "माझ्याच हातानं केलं मी हे," म्हणून त्या रडू लागल्या. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अजून वेळ गेलेली नाही," असं म्हणत बाईंनी मला घोट्याखाली ठेवलं. आता गुडघा अधांतरी, आपल्याच भारानं ताणला जायचा. काका कळवळायचे, "काढ ती उशी!"

"हव्या तेवढ्या शिव्या द्या," काकू डोळे पुसत म्हणायच्या, "बाई सांगेपर्यंत काढणार नाही."

तीन आठवड्यांनी काका काकूंचा खांदा सोडून, सरळ पायानं, वॉर्डाबाहेर गेले. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, थोडं वाईट वाटलं. पण त्यांची पाठमोरी चाल मी डोळे भरून पाहिली.

आता हवेच्या गाद्या आल्या आहेत. मी कपाटावर धूळ खात पडले आहे. तरी एक सांगते. घरी कुणी आजारी पडलं, तर मायेनं उशी जरूर द्या. पण ती कुठं ठेवायची, ते आधी विचारा. आणि सिस्टर आल्यावर लपवावी लागणारी उशी तिथं ठेवूच नका.