साठ मिनिटांत न मावलेलं गाणं

मी एक कॅसेट, साठ मिनिटांची. तीस या अंगाला, तीस त्या अंगाला. मला वाजवणारं यंत्र आता घरात उरलेलं नाही, म्हणून बोलूनच सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला आवाज मिळाला तो नांदेडात, जिलानीभाईंच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात. गिऱ्हाईक सांगेल ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. निवृत्ती नावाचा आयटीआयचा विद्यार्थी त्यांच्याकडे यायचा. लातूरकडच्या खेड्यातला, इंग्रजी बेताचंच, पण गिटारचा गडगडाट सुरू झाला की डोळे मिटून उभा राहायचा.

"नव्वदवाली खलास झाली, मियाँ," जिलानीभाई म्हणाले. "साठवालीत भरलं तर आखरी गाणं मधीच तुटंल."

"तुटू द्या चाचा. गणपतीहून आलो की पुरं करून घेतो."

जिलानीभाईंनी माझ्या अंगावर निळ्या शाईनं लिहिलं, 'इंग्रजी, जोरात'. बँडचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. विकणाऱ्याला मालाचं नाव माहीत असावं, असा नियम आपल्याकडे नाही.

निवृत्ती मला घेऊन गावी गेला. त्यांच्या पत्र्याच्या घरात टेप नव्हता. टेप होता त्याचा मित्र बसवंत याच्याकडे, दगडी माळवदाच्या घरात. विसर्जनाच्या दिवशी निवृत्ती मला खिशात घालून तिकडं गेला आणि ऐकता ऐकता तिथंच झोपला. ते साल त्र्याण्णवचं होतं. पहाटे जमीन हलली.

पत्र्याचं घर जसंच्या तसं उभं राहिलं. माळवद निवृत्तीच्या अंगावर बसलं, तो गेला. तिसऱ्या दिवशी जवानांनी ढिगारा उपसला, तेव्हा टेपचा चेंदा झाला होता आणि आत मी धडधाकट होते. असं वाचण्यात कसला मोठेपणा?

निवृत्तीची आई कोंडाबाई म्हणाली, "फेका ती अवदसा." धाकट्या विनोदनं, पाच वर्षांच्या पोरानं, मला चड्डीच्या खिशात लपवलं.

पुढं तेरा वर्षांनी विनोद लातूरला डॉक्टर व्हायला आला. तेव्हा लातुरात भूकंपाहून मोठी उलथापालथ चालली होती. गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते आणि प्रत्येक आईबापाला आपल्या पोटी डॉक्टरच जन्मल्याचं कळलं होतं. एका खोलीत चार पोरं, भिंतीवर वेळापत्रक, उशाला जुना वॉकमन आणि त्यात मी.

शारिकच्या नेट कॅफेत विनोदला एक समूह सापडला. महाराष्ट्रभरचे लोक तिथं रॉकच्या अल्बमांवर मतं मांडत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं तिथं ड्रमवाल्यावरून सोयरीक मोडल्यासारखी भांडत. विनोदनं माझ्यातले शब्द लिहून विचारलं आणि नागपूरच्या एकानं अल्बम ओळखला. मग विनोदनं आपलं मत लिहिलं. क्लासच्या सराव परीक्षेसारखे दोनशेपैकी गुण दिले, चुकीला वजा गुणही.

शारिक मागून वाचत होता. "लोक इथं रिझल्ट बघायला येतात, अन् तू बँडवाल्यांचेच पेपर तपासून राहिला."

"शेवटच्या गाण्याला पैकीच्या पैकी दिलेत, शारिकभाई. ओळ म्हणता म्हणता गाणं एकदम बंद पडतं. असा शेवट करायला छाती लागती."

दुसऱ्या दिवशी समूहात हशा पिकला. पुण्याच्या एकानं लिहिलं, 'भाऊ, तुझी कॅसेट संपली, गाणं नाही.' पुढं साडेतीन मिनिटं गाणं शिल्लक आहे म्हणे.

विनोद चार दिवस भांडला. 'मी तेरा वर्षं ऐकतोय' हा त्याचा एकमेव पुरावा. पाचव्या दिवशी कुणीतरी अख्खं गाणंच समूहात टाकलं. शारिकनं ते सीडीवर उतरवून दिलं. "ऐक की. काय भ्यायचंय त्यात?"

विनोदनं ऐकलं नाही. त्यानं समूहात लिहिलं, 'माझा भाऊ हीच कॅसेट ऐकायला दगडी घरात गेला होता. आमचं पत्र्याचं घर पडलं नाही. त्यानं गाणं इथपर्यंतच ऐकलंय. मी पुढं कसं जाऊ?'

त्यावर कुणी गुण दिले नाहीत. पुणेकरानं आपली थट्टा गुपचूप पुसली. 

विनोद गावी गेला. पिशवीतून कपडे काढताना मी कोंडाबाईच्या पायाशी पडले. तिनं मला ओळखलं. ओरडली नाही.

"अजून हाय व्हय ही?" ती खाली बसली. "लाव. माझं लेकरू कशापायी गेलतं, ऐकू तरी दे."

विनोदनं वॉकमनचे कानातले तिच्या पदराखाली सरकवले. तासभर ती न हलता बसली. गाणं तुटलं.

"संपलं?"

"न्हाई आई. पुढं अजून हाय. सीडीत हाय. दादानं ऐकलं न्हाई ते."

कोंडाबाईनं कानातले काढून त्याच्या हातात दिले. "मग मला इथवरच असू दे. तू मातर ऐक. तुला लई पुढं जायचंय."

मला तिनं मागून घेतलं. विनोदनं सीडी लातूरला जाऊन ऐकली, एवढं कळलं. काय वाटलं, ते मला कोण सांगणार?

तेव्हापासून मी पत्र्याच्या पेटीत आहे, निवृत्तीच्या एका सदऱ्यावर. फीत चिकटली आहे. कोंडाबाई अधूनमधून पेटी उघडते, सदरा झटकते, मला बाजूला ठेवते, पुन्हा सदऱ्यावर ठेवते. कधी एक वाईट शब्द बोलत नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

माझी लांबी कमी पडली, हे कबूल. पण त्या दगडी घरी मी त्याला बोलावलं नव्हतं. तिच्यासमोर बोलायला मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं गेलात, तर एवढं तिच्या कानावर घालाल का?