हिंदुरावांच्या गल्लीतली पाटी

मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापून, दोन पाय जोडून मला उभे केले. पेंटरने एका बाजूला 'रस्ता बंद' लिहिले आणि दुसऱ्या बाजूला 'खाली वीज आहे, खणू नये'. मित्रांनो, दोन तोंडांची म्हणून मला हसू नका. काम चालू असताना पहिली बाजू आणि चर बुजल्यावर दुसरी, एवढाच त्याचा अर्थ.

१९९६ साली विश्रामबागेतल्या एका गल्लीत खांबांवरच्या तारा काढून वीज जमिनीखालून न्यायचे ठरले. तारा तुटून पडत, म्हणून गल्लीनेच मागणी केली होती. पण चर खणला गेला, मला तिथे उभे केले आणि मागणी करणारेच माझ्यावर उखडले. रिक्षावाले लांबून वळसा घेताना मला शिव्या देत. स्कूटरवाले तर सरळ लाथ मारत. गल्लीचे पुढारीपण हिंदुरावांकडे होते. ते रोज येऊन मुकादमाला दटावत, "दोन म्हैनं झालं, गाड्या दारात येईनात. बुजवा की लवकर!" शेवटी मुकादमाने केबलला धक्का लागू नये म्हणून वर घालायच्या विटा न घालताच माती लोटली. वीज सुरू झाली. डांबर पडेपर्यंत मला तिथेच ठेवायचे ठरले. आभार कोणी मानले नाहीत. त्याची मला सवय होती.

पुढच्याच महिन्यात हिंदुरावांच्या मुलीचे, दीपमालेचे, लग्न निघाले. म्हसवडहून वऱ्हाडाचा ट्रक येणार होता आणि मला कोणी फिरवलेच नसल्याने माझी 'रस्ता बंद' बाजू अजून मोठ्या रस्त्याकडे होती. "ही बघून वऱ्हाड तिकडनंच माघारी फिरंल," असे म्हणत हिंदुरावांनी मला उपटले आणि न्हाणीघरामागे नेऊन टेकवले. मला फार भीती वाटली. पण नुसत्या अक्षरांना ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाले कुतुबुद्दीन आले. वीस वर्षे गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचा मांडव त्यांनीच घातला होता. मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, दहाच्या आत रोवायची होती. "उरका गड्या, मुहूर्त टळतोय," हिंदुराव म्हणाले. "हितं माती मऊ हाय, लगेच हुतंय," कुतुबुद्दीन हसून म्हणाले आणि त्यांनी पहार मारली.

फाडकन आवाज झाला. बायका किंचाळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत कुतुबुद्दीन गेले होते.

गल्ली दवाखान्याकडे धावली तेव्हा हिंदुराव मात्र धापा टाकत न्हाणीघरामागे आले. त्यांनी मला उचलले आणि होते तिथेच पुन्हा रोवले. दुपारी चौकशीचे साहेब आले, तेव्हा हिंदुराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाटी हुती की साहेब. त्यानंच बघितली न्हाई." साहेबांनी तसे लिहून घेतले. मित्रांनो, मी जन्मभर खरे सांगत आले. त्या दिवशी माझ्याकडून खोटी साक्ष काढून घेतली गेली. मला माझ्याच अक्षरांची किळस आली.

चार दिवसांनी कुतुबुद्दीनच्या पत्नी जन्नतबी पहार न्यायला आल्या. माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "आवं, सगळी म्हणत्यात त्यांचीच चूक. पाटी वाचल्याबिगर ते पहार उचलायचं न्हाईत. खरं सांगा, हुती का ही हितं?"

हिंदुराव पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. दारातून दीपमाला बाहेर आली. तिचे लग्न लांबणीवर पडले होते.

"न्हवती मावशी," ती वडिलांकडे बोट दाखवून म्हणाली. "आमच्या दादांनी आदल्या दिवशीच काढली. मी बघितलं, आन् गप बसले."

जन्नतबी रडल्या नाहीत. पहार उचलून त्यांनी हिंदुरावांना एवढेच विचारले, "मग आता कुणासाठी उभी केलीसा हिला?"

मित्रांनो, तुमच्या रस्त्यात मी आडवी आले, तर खुशाल शिव्या द्या, वळसा घ्या, उशिरा पोहोचा. पण मला हलवू नका. आणि कोणी हलवताना दिसला, तर तेव्हाच बोला.