दोराखालची चादर

दोर वाचून झाल्याशिवाय मामा कुणाला कड्याला हात लावू द्यायचा नाही. कड्याखाली एक जुनी सुती चादर अंथरायची, तिच्यावर दोर मोकळा करायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत-वीत करत बोटांतून सरकवायचा. कुठे फुगलाय का, कुठे मऊ पडलाय का, कुठे धागा सुटलाय का. याला तो दोर वाचणं म्हणायचा. वीस वर्षांत माझ्या दोराने कुणाला दगा दिला नाही, हे तो ज्याला त्याला ऐकवायचा, मग समोरच्याने विचारलेलं असो वा नसो.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस मामा बॅटऱ्या दुरुस्त करायचा. दुकान अरुंद आणि लांब, बाकाखाली ओळीने गाड्यांच्या बॅटऱ्या, कोपऱ्यात ॲसिडचे कॅन. त्याच्या एकाही पँटीला धड गुडघा नव्हता. थेंब उडाला की आधी काही दिसायचं नाही, आणि दोन धुण्यांनंतर तिथे भोक. "तुमच्या पँटीतून पीठ चाळून घेता येईल," असं मामी म्हणायची.

यंदा त्याने मनाचा हिय्या करून सत्तर मीटरचा नवाकोरा निळा दोर आणला. भाचीने त्याच दिवशी बूट घेतले, तेही एक माप लहान. चढायचे बूट चावलेच पाहिजेत, असं तिचं मत. घरातल्या कपाटात दोराला जागा नव्हती आणि मामीने तर तो दिवाणखान्यात ठेवू द्यायला साफ नकार दिला. म्हणून तीन आठवडे तो दुकानातच राहिला, बाकाखाली, त्याच चादरीवर. परवा मामाने तो मधोमध कापला. अर्धा भाचीला, अर्धा तिच्या दादाला. दादा कालच आपला अर्धा घेऊन मित्रांबरोबर लांबच्या कड्यावर गेला होता. दोघांना सारखं दिलं की भांडण नाही, एवढाच त्यात मामाचा हिशेब.

आज भाचीला 'सासूबाई' चढायची होती. हे नाव तिनेच ठेवलेलं. खालून बघावं तर काय ते आगत-स्वागत, हाताला खाचा, पायाला पायऱ्या. दोन मजले चढून गेलं की कडा पोट पुढे काढून उभा, आणि मग तुमचं काही म्हणजे काही त्याला पटत नाही. चार वेळा भाची त्या पोटाखाली हरली होती. चारही वेळा तिने मामाला दोर ताणायला सांगितला आणि त्यावर बसून हात झटकले. आज दोरावर बसणार नाही, अशी तिने गाडीतच शपथ घेतली होती.

सकाळी दोर वाचताना एका जागी मामाची बोटं अडखळली. वीतभर भाग जरा ताठ लागला. त्याने नखाने खरवडून पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. रंग जागच्या जागी, धागा न धागा शाबूत. वाळलेली माती असेल, असं म्हणून तो पुढे सरकला.

भाची कड्यात ठोकलेले तीन बोल्ट ओलांडून चौथ्याशी पोचली तेव्हा मामा दोर सोडत चादरीवर उभा होता. एक पाऊल मागे घेताना त्याच्या बुटाचं टोक चादरीत अडकलं आणि चादर आवाजही न करता फाटली. त्याने खाली पाहिलं. चादरीला पाच-सात भोकं होती. उंदीर, त्याच्या मनात आलं. पण उंदीर कुरतडतो तेव्हा धागे लोंबतात. या भोकांच्या कडा तपकिरी होत्या. उजव्या हाताने दोर आवळून धरून तो वाकला आणि डाव्या हाताच्या चिमटीत त्याने एक कड धरली. तिचा भुगा झाला.

असली भोकं त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर होती. ॲसिड! कापडावर ते निदान उशिरा का होईना दिसतं. दोरावर दिसत नाही, बोटांना लागलंच तर जरासं ताठ, एवढंच. दोर नव्यासारखा दिसत राहतो आणि वजन पडलं की जातो. गळकी बॅटरी कापडाजवळ ठेवू नका, असं गिऱ्हाइकांना रोज बजावणारा माणूस हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि तो ताठ भाग आता कुठे होता? वर, भाचीच्या कमरेपासून दोन हातांवर.

"मामा!" वरून आवाज आला. "ओढून धर. बसते."

खरं सांगावं तर घाबरून तिचे हात तिथल्या तिथे सुटतील.

"बसायचं नाही," तो म्हणाला.

"अरे हात भरलेत माझे!"

"गाडीत शपथ कुणी घेतली? मी? बसलीस तर आजपासून दोर धरायला दुसरा मामा शोध."

"मामा, मस्करी नको ना! खरंच पडेन."

"पडायचं नाही. उजवा पाय वर घे. गुडघ्याएवढ्या उंचीवर खाच आहे. घेतलास? आता उभी राहा त्याच्यावर."

आपला आवाज नेहमीसारखा कसा येतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. वर भाचीचा डावा पाय घसरला, खडे खाली आले, मामाने डोळे मिटले. हातातला दोर ढिलाच राहिला. डोळे उघडले तेव्हा ती पोटावरून वर सरकत होती, मामाच्या नावाने बोटं मोडत. पाच मिनिटांनी ती माथ्यावर पालथी पडली.

"दोर सोड!" मामा ओरडला. "कमरेच्या हार्नेसमधून काढून टाक आणि मागच्या वाटेने चालत ये. दोरावरून उतरायचं नाही!"

ती खाली आली ती भांडायच्या तयारीनेच. मामाने दोर झाडाच्या बुंध्याला बांधला होता. त्याने दोन्ही हातांनी तो ताठ भाग धरला आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. दोर तुटला आणि मामा मातीत बसला. तुटक्या टोकातून पिवळट चुरा गळत होता.

भाचीने ते टोक उचललं. चादरीकडे पाहिलं, मग मामाच्या पँटीकडे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मामा," ती हळूच म्हणाली. "दादाकडचा?"

मामाने फोन काढला. नंबर दोनदा चुकला. शेवटी पलीकडे घंटी वाजली, वाजत राहिली, आणि उचलला तो भाच्याच्या मित्राने. कड्यावर सगळेच त्याला मामा म्हणत.

"मामा! अहो, पहिल्याच दमात वर पोचला बघा! फोन माझ्याकडे देऊन ठेवलाय त्याने."

"त्याला ओरडून सांग, दोरावर भार टाकू नकोस. वरच थांब म्हणावं. आत्ताच्या आत्ता सांग!"

पलीकडे वारा घोंगावत होता.

"काय? नीट ऐकू येत नाहीये. तो उतरायला लागलाय, मामा. हा काय, बसला पण दोरावर. तुम्ही काळजी करू नका. मामाने स्वतः वाचून दिलाय दोर, असं सकाळपासून सांगतोय तो आम्हाला."