परवानगीचा चौकोन

चहा न पिणाऱ्या घरात आईसाठी चहापत्तीचा मोठा डबा आणून ठेवणं, एवढं तरी उपासनाने नीट केलं होतं. ती मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची, तिच्या चर्चमध्ये चहा, कॉफी, दारू सगळंच वर्ज्य. नागपूरहून अमेरिकेत नेपरव्हिलला आल्या दिवशी कांताबाईंनी डबा उघडून वास घेतला आणि विचारलं, "तुला चालत नाही, मग मला कसा चालतो गं?" उपासना हसली. "आई, माझा नियम माझ्यापुरता." हे वाक्य पुढे आठवून तिने किती वेळा स्वतःच्या तोंडात मारून घेतली असेल, त्याची गणती नाही.

धर्म बदलणं या घराला नवं नव्हतं. तिचे वडील रामभाऊ छप्पन्न साली, चौदाव्या वर्षी, उमरेडहून चालत दीक्षाभूमीवर गेले होते. अंगात उसना पांढरा सदरा. तिथे त्यांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. त्यांच्या लेकीचं प्रकरण जरा वेगळं. नवरा उल्हास नोकरीसाठी डेन्व्हरला गेला तो गेलाच. त्या हिवाळ्यात चर्चच्या दोन पोरी येऊन दारातला बर्फ उपसून गेल्या, पुन्हा आल्या, सूप घेऊन आल्या, आणि हळूहळू उपासना त्यांची झाली. वडिलांना फोनवर सांगताना ती अर्धमेली झाली होती. रामभाऊ म्हणाले, "मी माझ्या पायांनी चालत गेलो होतो. तुला कुणी ओढून नेलं नाही ना? मग झालं तर."

असा बाप एकवीस सालच्या साथीत गेला. व्हिसाचं काम अडकलेलं. लेकीने चिता फोनवर पाहिली, तीही नेटवर्क गेल्यामुळे अर्धीच. चर्चची शिकवण अशी की, मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाने चर्चच्या मंदिरात बाप्तिस्मा घेतला, तर घरची माणसं मरणानंतरही एकत्र राहू शकतात. बुडत्याला काडीचा आधार. तिला बाबा परत हवे होते, दुसरं काही नाही.

चर्चच्या वेबसाइटवर वडिलांचं नाव भरताना एक चौकोन आला: सर्वांत जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी घेतली आहे. म्हणजे आईची. उपासनाने नागपूरला फोन लावला नाही. चौकोनात खूण केली. पुरुषाच्या नावाने पुरुषच लागतो, म्हणून ब्रदर कार्सन नावाचा एक भला माणूस पांढरे कपडे घालून रामभाऊंच्या नावाने पाण्यात बुडून वर आला. ती काठावर उभी राहून रडली, आणि खोटं कशाला बोला, ते सुखाचं रडणं होतं.

त्या बाप्तिस्म्याचं निळं कार्ड तिने तिच्या धर्मग्रंथात ठेवलं होतं. आई जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई, पुस्तक दिसलं की उघडणारच. शनिवारी सकाळी चहाचा कप बाजूला सारून तिने कार्ड टेबलावर ठेवलं.

"यावर यांचं नाव आहे. आणि तारीख गेल्या सप्टेंबरची. जाऊन चार वर्षं झालेला माणूस सप्टेंबरात इथे काय करत होता?"

उपासनाने सगळं सांगितलं. चौकोनाचंही सांगितलं. "पण आई, ही फक्त ऑफर असते. त्यांना अ‍ॅक्सेप्ट करायचं नसेल, तर ते तिथे नाही म्हणू शकतात."

"ते नाही म्हणाले, तर तुला कोण कळवणार?"

उपासना कार्ड उचलायला गेली, तर आईने त्यावर बोट ठेवलं.

"आणि मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं." आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "छप्पन्न सालीही पांढरा सदराच होता, उपासना. पण त्या सदऱ्यात ते स्वतः होते."

रविवारी उपासना बिशपना भेटली. चर्चचं काम बिनपगारी, पोटापाण्यासाठी दातांचे डॉक्टर, मऊ स्वभावाचा माणूस. झालेला बाप्तिस्मा मागे घेता येईल का, असं तिने विचारलं. तसं झालेलं आपण कधी ऐकलं नाही, वर विचारून पाहतो, असं ते म्हणाले. मग तिने खोट्या परवानगीचं कबूल केलं. बिशपचा चेहरा पडला. मंदिरात जायचं ओळखपत्र काही दिवस माझ्याकडे राहू दे, असं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं, आणि तिने ते पर्समधून काढून दिलं. बाबा जवळ वाटायचे ती एकच जागा होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

ती घरी आली तेव्हा आई टेबलाशी बसलेली होती. समोर आखीव कागद, त्यावर मास्तरणीचं सुबक अक्षर: माझ्या मरणानंतर माझ्या नावाने कुणीही पाण्यात उतरणार नाही.

"खाली सही कर."

उपासना पेन घेऊन बसून राहिली. तिचा त्या सगळ्यावर विश्वास होता, हीच तर गोची होती. नसता तर सही करणं किती सोपं होतं! सही केली, तर मरणापलीकडे तिला आई नाही. नाही केली, तर आई आजच गेली. तिने देवाला विचारून पाहिलं. आतून काहीच आलं नाही. शेवटी तिने पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीखही घातली.

"झालं, आई. आता तरी?"

कांताबाईंनी चष्मा लावून सही पाहिली. बराच वेळ पाहिली.

"त्या चौकोनातही तूच खूण केली होतीस ना गं?"

एवढं म्हणून त्यांनी कागद टेबलावर तसाच ठेवला आणि बॅग भरायला त्या आत गेल्या.