पाच मशीनचं लायसन्स

माणसानं आयुष्यात निर्णय एकदाच घ्यावा आणि मरेपर्यंत त्याला चिकटून राहावं, असं निवृत्त हेडमास्तरांनी ठणकावून सांगितलं. सांगितलं ते दुकानातल्या प्रिंटरला. दुकानदार आत खोकी उपसत होता.

तो बाहेर आल्यावर मास्तरांचा निर्णय तीनदा बदलला.

"काका, नव्या कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टिम लागणार. स्वस्तातलं लायसन्स त्या एकाच मशीनला बांधलेलं. मशीन गेलं की तेही गेलं."

"जुन्या वळणाचं दिसतंय."

"महागातलं उद्या दुसऱ्या मशीनवर नेता येतं."

"आधी मशीन जातं की मी, ते बघायला हवं."

"आणि हे पाच मशीनचं. घरात माणसं असली तर परवडतं."

मास्तरांच्या घरात बायको गेल्यापासून आवाज करणारा एक मिक्सरच उरला होता.

"चालू करायचा कोड सगळ्यांना एकच?"

"एकच. पंचवीस अक्षरी. फोनवरही सांगता येतो."

"पाचाचं द्या," मास्तर म्हणाले.

मुलीचा फोन दर रविवारी यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. तीन मिनिटांत बाप उरकायचा. पंचवीस अक्षरं म्हणजे निदान पाव तासाची बेगमी. घरी येताच मास्तरांनी फोन लावला.

"तुझ्यासाठी लायसन्स घेतलंय. कागद-पेन घे."

"बाबा, फोटो पाठवा ना."

"माझा हात हलतो."

"बरं, सांगा."

मास्तरांनी पाच अक्षरं सांगितली, वर्गात शुद्धलेखन घालावं तशी, दोनदोनदा. मग नातीचा दात पडला का ते विचारलं. पुन्हा पाच अक्षरं. मग जावयाची कंबर. तिसऱ्या गटाशी त्यांनी पाणी प्यायला वेळ मागून घेतला. अशी पंचवीसही अक्षरं संपली.

"झालं लिहून?"

"झालं. पुढे?"

"तुझा कॉम्प्युटर चालू आहे ना समोर?"



"बाबा, माझ्याकडे लायसन्स आहे. ऑफिसनंच दिलंय."

"मग मघापासून लिहून काय घेतेयस?"

"तुम्ही सांगताय म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर त्यांचा कॉम्प्युटर कधीचा कोड मागत थांबला होता.

"बरं," ते म्हणाले, "मग आता तू वाच, मी टाइप करतो. पहिल्यापासून. आणि जरा सावकाश."