पहिल्या बाकाचा तोरा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. चौथीच्या वर्गातला, आणि तोही पहिला. पनवेलच्या काशीराम सुताराने मला सागवानातून घडवलं आणि फळ्यासमोर मांडलं. तिथेच मला शिंगं फुटली.

कमलाकर गुरुजी मुलांना मार्कांप्रमाणे बसवायचे. हुशार माझ्यावर, ढ मागच्या भिंतीशी. दर परीक्षेनंतर अदलाबदल. मला वाटे, काय न्याय आहे! न्याय कसला, डोंबल!

१९९१ साली निशा आमच्या वर्गात आली. जूनमध्ये ती दुसऱ्या बाकावर होती. चाचणीनंतर मागे गेली, सहामाहीनंतर पार भिंतीला टेकली. फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत डोकवायची. गुरुजी ओरडायचे, "डोळे घरी ठेवून आलीस काय गं?" माझ्यावरची हुशार पोरं मला बडवून हसायची. मलाही ते गोड लागायचं.

दिवाळीनंतर तिची आई, कृष्णाबाई, शाळेतून तिचं नाव काढायला आली. "गुरुजी, हिला शिकायचा नाय जमत. मिठागरावर नेते माझ्यासंगती."

गुरुजी लगेच तयार! नशीब, त्या दिवशी नीताबाई वर्गात होत्या. अपंग मुलांना शिकवायला त्या शाळाशाळांतून फिरत. म्हणाल्या, "थांबा. आधी मला बघू द्या."

त्यांनी निशाला एकेक बाक पुढे आणलं. दर बाकावर विचारलं, "फळ्यावर काय लिहिलंय?" निशा डोळे बारीक करून बघे, पण वाचता येईना. शेवटी ती माझ्यावर बसली, पुढे वाकली आणि अख्खी ओळ घडाघडा वाचली.

"गुरुजी, पोर ढ नाही. हिला लांबचं दिसत नाही. डॉक्टरांना दाखवू. चष्म्याने भागलं नाही तर मोठ्या अक्षरांची पुस्तकं मी आणीन. पण मार्क कितीही पडोत, हिने बसायचं इथेच."

"म्हंजे नाव नाय काढायचा?" कृष्णाबाईने विचारलं.

"मुळीच नाही."

ती हसेल असं वाटलं होतं. ती गुरुजींकडे वळली. "मंग आमची गोदू? हिची मोठी बहीन. ती पन वहीला नाक लावायची. तुमीच बोललात, डोक्यात काय नाय हिच्या. आमी आयकला. मीठ वडते ती आता."



रविवारी गुरुजी गोदूला शाळेत परत आणायला मिठागरावर गेले. एकटेच परत आले.

निशा माझ्यावर बसून शिकली. पण तिच्या आधी गोदूही याच वर्गात होती, मित्रांनो. ती मागे मागे सरकत गेली आणि मी माझ्या मानात मश्गूल. तुमच्या वर्गात कुणी असं मागे पडत असेल तर हसू नका. बाईंना सांगा, गुरुजींना सांगा, ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मोठी माणसं चुकतात. मी लाकूड, मला जागचं हलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. उठा आणि आपली जागा द्या.