चौथ्या कोपऱ्याचा धडा

माझी बायको तेपाएरू गेल्याचं कळलं तेव्हा मी मेतुआच्या दुकानात बसून माइक बघत होतो. मेतुआ तिची भाची. धक्क्याजवळ तिचं दुकान आहे. ऑकलंडहून काही मागवायचं असलं की सगळं बेट तिच्या संगणकासमोर येऊन बसतं.

तेपाएरू व्हिडिओतून तिवाइवाइ शिवायला शिकवायची. पानंफुलं कातरून पांढऱ्या चादरीवर टाचायची, मग बारीक टाक्यांनी शिवायची, अशी आमच्याकडची गोधडी. शिकणाऱ्या बायका ऑकलंड, सिडनीला गेलेल्या, आमच्याच. फोन मी धरायचो. त्यांच्या तक्रारी असायच्या. घराच्या ओट्यावर वारा असतो, त्यामुळे बोलणं ऐकू येत नाही. उन्हात पांढरं कापड चमकतं, टाके दिसत नाहीत. आणि मी समोर बसायचो, त्यामुळे त्यांना तिचे हात उलटे दिसायचे.

तिला उपचाराला ऑकलंडला नेलं तेव्हा गोधडीचे तीन कोपरे झाले होते. चौथा टाचण्या लावून तसाच होता. कोपरा आत दुमडायची ती पद्धत आईने तिला एकटीलाच शिकवलेली, आणि तीन कोपऱ्यांत बायकांना ती नीट दिसली नव्हती. विमानात चढताना म्हणाली, "मी येईपर्यंत नीट सामान मागवून ठेव. चौथा कोपरा त्याच्यावरच दाखवीन. शेवटचा धडा तो."

म्हणून मी दुकानात बसलो होतो.

"पापा, हा कॉलरला लावायचा घ्या," मेतुआ म्हणाली. आमच्याकडे मोठ्या वयाच्या पुरुषाला सगळेच पापा म्हणतात. "वर केसाळ टोपी आहे बघा, वारा अडतो."

"उंदीर बसल्यासारखा दिसतो."

"दिसू दे. आणि कॅमेऱ्यात पैसे घालू नका. फोन चांगला आहे तुमचा. वरून धरायला दांडा घ्या. मागच्या वेळी तुमचा हात इतका हलला, बायकांना होडीत बसल्यासारखं झालं म्हणे."

"तूच ये मग धरायला."

"मावशी मला तासभर गप्प बसवेल, त्यापेक्षा दांडा बरा."

मी हसलो. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. "पापा, आई गेली," म्हणाली. मेतुआला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. मी फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, "दिवा बघायचा राहिला." असं का म्हणालो मला माहीत नाही.

तिला विमानाने आणलं. घरासमोर, ओट्यावरून दिसेल अशी जागा खणली. आमच्यात माणसाला गोधडी पांघरून निरोप देतात. तिने शिवलेल्या सगळ्या कुणाकुणाला दिलेल्या, लग्नाच्या, नातवंडांच्या. घरात ही एकच होती.

तिची थोरली बहीण आकाइती चौथा कोपरा हातात धरून बसली. "तेओ, ही गोधडी गेली की दुमड गेली. शिवलेल्या कोपऱ्यावरून आत कशी घडी घातलीय ते कळत नाही. एक कोपरा उसवून बघू दे. नाहीतर हा उघडा आहे तेवढा कापून ठेवते."

"तिचा टाका उसवणार तू?"

तिने कोपरा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तिकडे त्या बायका तीन-तीन कोपरे कसेबसे करून बसल्यात. त्यांना काय सांगशील?"

"माहीत नाही. पण कापलेलं पांघरूण तिला नाही देणार."

"हट्टी आहेस. तीही होती. चांगली जोडी जमली होती."

गोधडी तिच्याबरोबर गेली, टाचण्यांसकट.

पंधरवड्याने मी मेतुआला सामान मागवायला सांगितलं. दिवा बाजूने लावायचा घेतला, कारण पांढऱ्यावर पांढरा टाका त्याच्या सावलीनेच दिसतो. हे मला इतकी वर्षं फोन धरून कळलं होतं. दांडा असा घेतला की फोन शिवणारीच्या खांद्यामागून खाली बघेल. जहाज उशिरा आलं. खोकं मी दोन दिवस उघडलं नाही.

मग आकाइतीला ओट्यावर बसवलं. दांड्यावरचा फोन खाली बघतो, त्यामुळे कबर दिसत नाही.

"हा उंदीर काढ माझ्या गळ्यावरचा."

"राहू दे. बोल."

"काय बोलू? बायांनो, मी तेपाएरूची बहीण. शिवण मला तिच्याएवढी येत नाही. हे चालू आहे का रे?"

तिने नव्या कापडाचा कोपरा दुमडला. सुटला. परत दुमडला, फुगला. "ती असं अंगठ्याने आत ढकलायची," म्हणाली, "नाही, आधी फिरवायची." मग सुई ठेवून दिली. "बंद कर."

मी जुनं चित्रण काढलं. तेपाएरूच्या तिसऱ्या कोपऱ्याचं आहे. तिचं मनगट मध्ये येतं आणि ती जे सांगते त्यावर नुसता वारा आहे. आकाइतीचं मात्र एकेक अक्षर ऐकू येतं, टाकेही दिसतात. सामान चांगलं निवडलं गेलं.

ऑकलंडच्या बायका विचारतात. मी लिहितो, थांबा. आकाइती म्हणते, मुलीच्या घरची एखादी गोधडी मागव, मी उसवून बघते. मुलगी द्यायला तयार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दांडा ओट्यावरच उभा आहे. चौथ्या कोपऱ्याचा धडा घ्यायचा राहिला आहे.